गुडघ्यांसाठी दादरचं फिजिओ क्लिनिक, तीन महिन्यांचा अनुभव, पाचपैकी चार

खुर्चीवर बसा, हात छातीवर आडवे बांधा आणि मी स्टार्ट म्हटलं की तीस सेकंदांत जमेल तितक्या वेळा पूर्ण उभं राहायचं आणि परत बसायचं. पहिल्याच दिवशी तिथल्या फिजिओ पोरीने हे सांगितलं तेव्हा मला हसूच आलं, म्हटलं अगं मी गुडघे दाखवायला आलेय, उठाबशा काढायला नाही. सहा झाल्या. सातव्याला अर्धी उठले आणि धपकन खाली. ती शांतपणे वहीत ६ लिहून म्हणाली काकू, तुमच्या वयाच्या बायकांचे १२ च्या खाली आले की कमी धरतात. बासष्ट वर्षांची आहे मी, ३४ वर्षं पोरांना मार्क देण्यात गेली, आणि आता कोणीतरी मला बारापैकी सहा दिले.

तर हा रिव्ह्यू दादर वेस्टच्या एका फिजिओथेरपी क्लिनिकचा. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढे तक्रारीपण लिहिल्यात आणि मला पुढच्या महिन्यात परत तिथेच तोंड दाखवायचंय. पण तुमच्या घराजवळचं क्लिनिक कसं पारखायचं ते कळेल एवढं नक्की लिहिते.

आधी माझी रडकथा थोडक्यात. राहायला लालबागला, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ५४ पायऱ्या. उजवा गुडघा चार वर्षांपासून दुखतोय, डावा त्याच्या संगतीने बिघडला. चढताना एवढं नाही पण उतरताना जीव जायचा, मी आडवी उतरायचे, खेकड्यासारखी, कठडा दोन्ही हातांनी धरून, आणि मागून घाईत येणारी पोरं मागेच थांबायची बिचारी. सकाळी उठलं की दहापंधरा मिनिटं गुडघा आखडलेला, मग चालायला लागलं की सुटतो. डॉक्टर म्हणाले अर्ध्या तासाच्या आत सुटतोय म्हणजे बहुतेक झिजेचंच आहे, जास्त वेळ राहिला असता तर संधिवातासाठी रक्त तपासलं असतं.

एक्सरेत ग्रेड ३ निघाला. ह्या झिजेच्या ग्रेड शून्य ते चार असतात, चार म्हणजे सगळ्यात जास्त, केलग्रेन आणि लॉरेन्स नावाच्या दोघांनी १९५७ साली मांडलेल्या आणि अजून त्याच चालतात. ऐकून मला रडू फुटलं होतं. पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा ४ आहे आणि त्या दर मंगळवारी सिद्धिविनायकला चालत जातात, मी तीनवाली टॅक्सीने. म्हणजे एक्सरेत दिसतं तेवढं दुखतंच असं नाही आणि दुखतं तेवढं एक्सरेत दिसतंच असं नाही, हे मला वहिनींकडे बघून आधी कळलं आणि फिजिओने नंतर सांगितलं. ऑपरेशन आत्ता नको, आधी व्यायाम करा असं हाडाचे डॉक्टर म्हणाले. २०१७ च्या ऑगस्टमधे सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे ऑपरेशनमधे बसवतात त्या कृत्रिम सांध्याच्या, किमती बांधून दिल्या होत्या, कोबाल्ट क्रोम धातूवाल्याची ५४,७२० रुपये केली होती, तेव्हा आमच्या ह्यांनी ते पेपरातलं कात्रण कापून कपाटात ठेवलेलं, माझे गुडघे तेव्हा ठणठणीत होते तरी! ते कात्रण ह्यांनी लगेच काढून दाखवलं. मी म्हटलं ठेवा आत.

आता पहिल्या क्लिनिकबद्दल, म्हणजे दादरच्या आधीच्या. घराजवळ, तळमजल्यावर, सगळं सोयीचं. तिथे तीन आठवडे गेले, पंधरा बैठका, दर वेळी ४०० रुपये. आत गेलं की आडवं व्हायचं, गुडघ्याला ओले पॅड लावून मशीन चालू, मुंग्या चालल्यासारखं गुदगुल्या गुदगुल्या, मग दुसरं मशीन जेल लावून गोल गोल फिरवायचे, मग शेक. मला मस्त झोप लागायची, खरं सांगते, दुपारची अशी झोप घरात मिळत नाही. उठून बाहेर पडलं की बरं वाटायचं आणि ते बरं वाटणं आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत टिकायचं. शेवटची पाच मिनिटं एक मुलगा यायचा, पाय वर करा खाली करा दहा वेळा, फोनवर बोलत बोलत. माझी भाची डॉक्टर आहे, तिला सांगितलं तर ती म्हणाली मावशी, ब्रिटनच्या नाइस ह्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ च्या गाइडलाइनमधे स्पष्ट लिहिलंय की ह्या दुखण्याला अशी करंटची, अल्ट्रासाउंडची मशीन देऊ नका, फायद्याचा पुरेसा पुरावा नाही, आणि व्यायाम मात्र सगळ्यांना द्या. सांध्यांसाठी म्हणून घेतात त्या ग्लुकोसामीनच्या गोळ्यापण देऊ नका म्हणतात, मी दोन वर्षं गिळतेय. सहा हजार रुपये झोपेचे गेले माझे.

दादरला पहिल्या दिवशी पाऊण तास नुसती तपासणी, मशीन दिसलंच नाही. खुर्चीची परीक्षा वर सांगितलीच. मग तीन मीटरवर जमिनीला निळी चिकटपट्टी लावलेली, खुर्चीतून उठून तिथपर्यंत चालत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, त्याला १५ सेकंद लागले (बाराच्या वर गेलं की पडायची भीती जास्त असं म्हणे). मग एक फॉर्म भरून घेतला, २४ प्रश्नांचा, ५ दुखण्याचे, २ आखडण्याचे आणि तब्बल १७ रोजच्या कामांचे. हा फॉर्म कॅनडात तयार झालाय आणि ते कळतंच, कारण मोजे घालताना त्रास होतो का, मोजे काढताना होतो का, हे दोन वेगळे प्रश्न. मी शेवटचे मोजे एनसीसीच्या परेडला घातले असतील. मग बाथटबमधे उतरताना. आमच्या मोरीत बादली ठेवली की माणूस मावत नाही! मी हसत बसले तर ती पोरगीपण हसली आणि फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्वतः पेनने लिहायला लागली, खाली बसून भाजी निवडणे, देशी संडास, मोरीत कपडे, लोकलचा पायदान, देवापुढे बसणे. प्रत्येकापुढे मला शून्य ते चार आकडा विचारला. लोकलच्या पायदानाला मी चार दिले. तिथेच मला वाटलं ही बाई कामाची आहे.

मग विचारलं काकू तुम्हाला काय करायचंय. म्हटलं दुखणं थांबवायचंय. म्हणाली ते बघू, पण करायचंय काय? असं कोणी विचारलंच नव्हतं मला. म्हटलं गौरीच्या जेवणाला सगळ्यांबरोबर खाली पंगतीत बसायचंय, गेली दोन वर्षं मला एकटीला टेबलावर ताट देतात आणि सगळे खालून वर बघून बोलतात माझ्याशी. ते तिने वहीत जसंच्या तसं लिहिलं.

व्यायाम म्हणाल तर काही जगावेगळे नाहीत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली चेपायची, पहिल्या दिवशी तिने टॉवेलऐवजी स्वतःचा पंजा ठेवला आणि म्हणाली माझी बोटं मोडा. मी जोर लावतेय लावतेय आणि तिला काही कळतच नाहीये, मांडीचा पुढचा स्नायू नुसता थरथरतोय. तेव्हा लक्षात आलं की गुडघा झिजला तो झिजला पण वर धरणारी मांडीच संपलीय माझी, चार वर्षं दुखतंय म्हणून पाय जपून जपून. मग सरळ पाय उचलणं, आधी नुसता, मग अर्ध्या किलोचा वजनाचा पट्टा, मग एक किलो, आता दोन. खुर्चीवरून उठणं, आधी दोन उशा ठेवून म्हणजे खुर्ची उंच होते, मग एक उशी, मग नुसती खुर्ची. चार इंची फळीवर एक पाय चढ उतर, मग सहा इंची. रबरी पट्टा घोट्यांना बांधून बाजूला चालणं, हे करताना मी आरशात बघितलं आणि जिन्यावरचा खेकडा परत आठवला.

ग्रीस संपलंय ना माझ्या गुडघ्यातलं, असं मी विचारलंच, सगळे तेच म्हणतात. तर म्हणाली कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, सांध्यातल्या पाण्यातून तिला पोषण मिळतं आणि ते पाणी आतबाहेर व्हायला दाब पडायला लागतो आणि सुटायला लागतो, स्पंज दाबून सोडतो तसं. नुसतं बसून राहिलात तर तिला मिळणार काय? मी चार वर्षं नेमकं तेच केलेलं.

दुखण्याचा नियम मला सगळ्यात उपयोगी पडला. दहापैकी पाचपर्यंत दुखलं तर चालू ठेवा, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या जागी यायला हवं, नाही आलं तर एक पायरी मागे. नाहीतर मी जरा दुखलं की बंद करायचे, आणि दोन दिवस बरं वाटलं की उत्साहात सगळी भांडी घासायला काढायचे आणि मग आठवडाभर झोपून.

काठीबद्दल सांगते, हसू नका. दोन वर्षं मी काठी उजव्या हातात धरत होते, उजवा गुडघा दुखतो म्हणून. ती दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची असते. दोन वर्षं! कोणी सांगितलं नाही, विकणाऱ्यानेपण नाही. आणि जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी आणि काठी त्याच्याबरोबर. ह्या दोन गोष्टींनीच माझं अर्धं काम झालं, फुकट.

आणि जमिनीवरून उठणं. हे मी कुठल्याच क्लिनिकात शिकवताना ऐकलं नव्हतं. चटई टाकली, मला खाली बसवलं (खाली जातानाच घाम फुटला), आणि म्हणाली आता सरळ उठायचा प्रयत्न करू नका, आधी एका कुशीवर वळा, मग रांगतात तसं हातागुडघ्यांवर या, दुखऱ्या गुडघ्याखाली उशी घ्या, खुर्चीजवळ या, दोन्ही हात खुर्चीवर, आता बरा पाय पुढे टेकवा आणि त्याच्यावर जोर देऊन उठा. पहिल्यांदा चार मिनिटं लागली आणि मधेच मला हसू आवरेना, ती थांबली, पाणी दिलं, परत. पाचव्या बैठकीला मी आपली आपण उठले. घरी येऊन ह्यांना दाखवलं तर हे म्हणाले आता खाली पडलीस तर मला हाक मारू नकोस म्हणजे झालं.

वजनाचंपण बोलली, पण ओरडून नाही. २००५ सालचा अमेरिकेतला अभ्यास आहे म्हणे, एक किलो वजन कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. मी ७२ ची ६८.५ झाले, रात्रीचा भात सोडून आणि दुपारच्या चहाबरोबरची खारी सोडून (खारी सोडणं जास्त अवघड). साडेतीन गुणिले चार, चौदा किलो, म्हणजे गॅसचा भरलेला सिलिंडर नाही पण आतल्या गॅसएवढा तरी भार उतरला.

मधेच माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं आणि आठवड्यात उड्या मारायला लागली, तेव्हा माझं मन डळमळलं. फिजिओला विचारलं तर ती वाईट नाही बोलली, म्हणाली फरक लवकर पडतो. पण २०२० साली अमेरिकन लष्कराच्या रुग्णालयांतल्या १५६ जणांचा अभ्यास आलाय, अर्ध्यांना इंजेक्शन, अर्ध्यांना फिजिओ, आणि वर्षाने तोच आपला मोज्यांचा फॉर्म भरून घेतला, २४० पैकी मार्क, जितके कमी तितकं चांगलं. इंजेक्शनवाल्यांचे सरासरी ५५.८, फिजिओवाल्यांचे ३७. मला मार्कांची भाषा कळते, मी गप्प बसले.

आता तक्रारी. एक, गुडघ्याच्या क्लिनिकला शिरायला पाच पायऱ्या आणि त्यांना कठडा नाही! विचारलं तर जागा भाड्याची आहे, मालक लावू देत नाही. बाहेर एक आजोबा वॉचमनचा खांदा धरून चढताना बघितले मी. दोन, बैठकीचे ६०० आणि बारा बैठकांचे ७,२०० आधी भरा असा रिसेप्शनवरच्या बाईंचा आग्रह, पैसे परत मिळणार नाहीत हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात. मी चारचे भरले आणि तशीच उभी राहिले, मग चालतं त्यांना. तीन, संध्याकाळची वेळ सहाची दिली तर सहा पंचवीसला आत घेतात, दर वेळी, एकदापण चुकलं नाही त्यांचं. चार, मधे दोन बैठकांना माझी नेहमीची पोरगी नव्हती आणि एक शिकाऊ मुलगा होता, त्याने फळीवरून उतरताना गुडघा आत वळतोय हे बघितलंच नाही, दोन दिवस सुजला. पुढच्या वेळी सांगितल्यावर त्यांनी मान्य केलं आणि एक बैठक फुकट दिली. आणि व्यायामाचे व्हिडिओ पाठवतात ते इंग्रजीत, गोऱ्या बाईचे. मला मराठीत हवं म्हटलं तर पोरीने कागदावर बॉलपेनने लिहून दिलं, टॉवेल चेपा १० वेळा, ५ आकडे मोजा, श्वास रोखू नका, आणि बाजूला काड्यांची माणसं काढली. तो कागद आमच्या फ्रिजला लावलाय, व्हिडिओ मी एकदाच उघडला. रिसेप्शनवर नी कॅपपण विकायला ठेवल्यात, घेतलीच पाहिजे असं कोणी म्हणालं नाही, मी घेतली नाही.

एक स्टार त्या पाच पायऱ्यांचा कापलाय. बाकीचं मी पोटात घातलं.

महाग वाटत असेल तर हाजी अलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनची संस्था आहे, १९५५ पासूनची, आणि परळला केईएममधे फिजिओथेरपीचा विभाग आहे, आमच्या बिल्डिंगमधले दोघं तिथे जातात. आणि कुठेही गेलात तरी समोरच्याची डिग्री विचारा, लाजू नका, आपल्याकडे बीपीटीएच ही फिजिओथेरपीची डिग्री म्हणजे चार वर्षं आणि वर इंटर्नशिप असते. मालिश करणाऱ्याने पांढरा कोट घातला की तो फिजिओ होत नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला उठवून चालवून काही मोजलं नाही आणि थेट आडवं करून मशीन लावलं तर फीचे पैसे विचार करून भरा.

माझा निकाल: बारा आठवड्यांनी खुर्चीच्या उठाबशा ११ झाल्या, म्हणजे अजून एकाने नापासच. निळ्या पट्टीचं १५ वरून १०.५ सेकंदांवर आलं. जिना सरळ उतरते, एक हात कठड्यावर. करी रोडला लोकलमधे चढताना अजून कोणीतरी हात दिला तर बरं वाटतं, पण दादरचा पूल मधे न थांबता चढते. दुखतं अजून, पावसाळ्यात कुरकुरतं, तो आवाज आला तरी घाबरायचं नाही असं सांगितलंय. मांडी पूर्ण बसत नाही आणि बसेलच असं पोरीने वचन दिलेलं नाही, ते मला आवडलं. गौरीच्या जेवणाला पाटावर दोन उशा ठेवून पाय जरा पुढे करून बसायचं असं आमचं ठरलंय, पंगतीच्या टोकाला, भिंतीजवळ, शेजारी खुर्ची, उठायला.

आणि हो, पहिल्या दिवशी ढिली सलवार किंवा पायजमा घालून जा. मी साडीत गेले होते, गुडघा दाखवायचा म्हणून निऱ्या सावरण्यातच दहा मिनिटं गेली, मग त्यांनी आतल्या कपाटातून कोणाची तरी ट्रॅकपँट आणून दिली, ती मला दीड वीत लांब झाली.